राग-जॅझ स्टाइल
हिंदुस्थानी रागसंगीत आणि अमेरिकन जॅझ यांचा मेळ घालण्याच्या हेतूने मुंबईतील संगीतकारांनी तयार केलेली वाद्यसंगीताची दीर्घ ध्वनिमुद्रिका. ती १९६८ मध्ये ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या नाममुद्रेखाली प्रसिद्ध झाली. शंकर (१९२२–८७) व जयकिशन (मृत्यू १९७१) या चित्रपटसंगीतकारांच्या जोडीने तिची संगीतरचना केली असून तीतील प्रमुख वादक सतारवादक रईसखाँ (१९३९–२०१७) हे होत. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी या अकरा रागांवर आधारलेल्या अकरा रचना तीत आहेत. भारतात निर्माण झालेल्या राग-जॅझ समन्वयाच्या सर्वांत आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते.

या ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व केवळ ती आरंभीची म्हणून नाही. उत्स्फूर्त आविष्कारावर उभ्या असलेल्या दोन संगीतपद्धती एकत्र आल्या, तर कोणी काय सोडावयाचे आणि काय राखावयाचे, हा मूलभूत प्रश्न तिच्यामुळे स्पष्ट होतो. तसेच, चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणशाळांत वर्षानुवर्षे निनावी राहिलेल्या वादकांच्या द्वैभाषिक संगीतज्ञानाची ती एक नोंद आहे.

पार्श्वभूमी : मुंबईत जॅझ संगीत १९३० नंतरच्या दशकात रुजले. लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आदी कलावंत येथे आले. त्यांच्या सहवासात गोव्याकडील ख्रिस्ती वादकांची एक पिढी तयार झाली. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजविण्याचे शिक्षण मिळत असे. उपजीविकेच्या शोधात मुंबईस आलेल्या या वादकांना हॉटेलांतील नृत्यवृंदांत सहज प्रवेश मिळाला. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेले आंतोनियो झेव्हिअर व्हाझ (१९१६–६७) हे ट्रंपेटवादक त्यांपैकीच होत.

मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली व हॉटेलांतील करमणुकीचा व्यवसाय आक्रसला. त्याच सुमारास हिंदी चित्रपटांतील वाद्यवृंद विस्तारत होते. परिणामी नृत्यवृंदांतील अनेक वादक चित्रपटसंगीताकडे वळले. सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराने त्यांच्या वादनशैलीचा कल्पकतेने उपयोग केला. अलबेला (१९५१) या चित्रपटाचे संगीत हे त्याचे ठळक उदाहरण. चित्रपटसंगीताच्या निर्मितीची एक विशिष्ट पद्धतीही याच काळात स्थिर झाली. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधी व गाऊन दाखवी. वाद्यवृंदरचनाकार ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेई, तिच्यासाठी स्वरसंवादाची व पूरक स्वरावलींची योजना करी आणि प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र कागद तयार करी. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळकपणे येई. वाद्यवृंदरचनाकाराचा उल्लेख झालाच तर साहाय्यक म्हणून होई. वादकांचा उल्लेख बहुधा होतच नसे.

याच काळात जॅझच्या जगातूनही भारताकडे लक्ष वळत होते. डेव्ह ब्रूबेक या पियानोवादकाचा संच १९५८ मध्ये भारतात येऊन गेला व मुंबईत त्याचा सतारवादक अब्दुल हलीम जाफरखाँ यांच्याशी संगीतविनिमय झाला. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद १९६३ मध्ये आला. रविशंकर यांनी १९६२ च्या सुमारास अमेरिकेत बड शँक या जॅझवादकाबरोबर ध्वनिमुद्रण केले. जॉन कोल्ट्रेन या थोर सॅक्सोफोनवादकाने १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजविली. कलकत्त्यात जन्मलेले व मुंबईत मेहली मेहता यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले जॉन मेयर आणि जमेकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट या दोघांनी लंडनमध्ये पाच भारतीय पद्धतीचे व पाच जॅझचे वादक एकत्र आणले. त्यांच्या इंडो-जॅझ स्वीट (१९६६) व इंडो-जॅझ फ्यूजन्स (१९६७) या ध्वनिमुद्रिका राग-जॅझ स्टाइलच्या निकटपूर्व होत.

निर्माते व वादक : शंकर हे मूळचे तबलावादक आणि जयकिशन हार्मोनियमवादक. शंकर यांचे बालपण हैदराबादेत गेले, तर जयकिशन हे गुजरातमधील वांसदा येथील. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्स या नाट्यसंस्थेत दोघेही वादक म्हणून काम करीत होते. राज कपूर यांच्या बरसात (१९४९) या चित्रपटापासून त्यांची जोडी प्रसिद्धीस आली. पुढील दोन दशके हिंदी चित्रपटसंगीतावर तिचा विलक्षण प्रभाव होता. शंभर वा त्याहून अधिक वादकांच्या वाद्यवृंदासाठी ही जोडी विशेष ख्यातनाम होती; परंतु रागसंगीतातही तिला गती होती. बसंत बहार (१९५६) व आम्रपाली (१९६६) या चित्रपटांतील गीते त्याची साक्ष देतात. भैरवी आणि शिवरंजनी हे या जोडीचे विशेष आवडते राग असून प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेतील अखेरच्या दोन रचना त्यांवरच आहेत.

या जोडीच्या वाद्यवृंदाची रचना सामान्यतः गोव्याचे सिबॅस्टियन डिसोझा करीत, तर तालविभागाची धुरा मूळचे गोमंतकीय असलेले दत्ताराम वाडकर सांभाळीत. डिसोझा हे फाळणीपूर्वी लाहोरमधील एका हॉटेलात आपला नृत्यवृंद चालवीत आणि फाळणीनंतर मुंबईस येऊन चित्रपटव्यवसायात शिरले. गीताच्या मुख्य चालीच्या पाठीमागून वाहणारी दुसरी स्वररेषा योजणे, हे त्यांच्या रचनेचे वैशिष्ट्य मानले जाते. राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र नांदविण्याचा सराव या जोडीला अशा सहकाऱ्यांमुळे ध्वनिमुद्रिकेच्या पुष्कळ आधीपासून होता.

रईसखाँ यांचा जन्म इंदूरचा. ते मेवाती घराण्याच्या परंपरेतील असून विख्यात सतारवादक विलायतखाँ हे त्यांचे मामा होत. गायकी अंगाची हळुवार मींड आणि स्वच्छ, वेगवान तानक्रिया यांसाठी ते नावाजले गेले. मैफलीतील वादनाबरोबरच त्यांनी मुंबईच्या अनेक चित्रपटगीतांतही सतार वाजविली. थोडक्या अवकाशात रागाचा चेहरा उभा करण्याची सवय त्यांना त्यामुळे झाली होती. १९८६ मध्ये ते पाकिस्तानात स्थायिक झाले व कराची येथे त्यांचे निधन झाले.

ध्वनिमुद्रिकेतील इतर वादक पुढीलप्रमाणे : जॉन परेरा (ट्रंपेट), मनोहारी सिंग (सॅक्सोफोन), सुमंत (बासरी), दिलीप नाईक व अनिबाल कॅस्ट्रो (विद्युत् गिटार), लुसिला पाशेको (पियानो), एडी ट्रॅव्हास (बास), लेस्ली गोदिन्हो (ड्रम) आणि रमाकांत (तबला). यांपैकी बहुतेक चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणशाळांतील नित्याचे वादक होते. चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांची नावे सहसा आढळत नाहीत. येथे मात्र ती वाद्यांसह नोंदली गेली. मुंबईच्या वाद्यसंगीताचा इतिहास लिहिणाऱ्यास ही नोंद मोलाची वाटते.

दोन पद्धतींतील साम्य व भेद : राग आणि जॅझ या दोहोंत वादक ठरीव आराखड्याच्या मर्यादेत त्या क्षणी नवनिर्मिती करीत असतो. दोहोंत तालाचे आवर्तन पुनःपुन्हा येते व वादकाला त्याचे भान अखंड ठेवावे लागते. दोहोंत गुरूचे वा पूर्वसूरींचे वादन ऐकून, कानाने शिकण्याला महत्त्व आहे. या साम्यांमुळे हे दोन संगीतप्रकार परस्परांना जवळचे आहेत, असे पुष्कळदा म्हटले जाते. तथापि ज्या पायावर नवनिर्मिती उभी राहते तो पाया दोन्ही ठिकाणी वेगळा आहे.

रागसंगीतात तानपुऱ्याचा अखंड षड्ज हा पाया. प्रत्येक स्वराचा अर्थ त्या अचल षड्जाशी असलेल्या नात्यातून ठरतो. म्हणून षड्ज कधी बदलत नाही आणि एका वेळी एकच स्वररेषा चालते. रूढ जॅझमध्ये पाया चल असतो. तीन वा अधिक स्वर एकाच वेळी वाजवून होणारा स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, दर काही मात्रांनी बदलत जातो व एकल वादक त्या बदलांच्या अनुरोधाने स्वररचना करतो. एकच स्वर एका कॉर्डवर विसावा देतो, तर दुसऱ्या कॉर्डवर तोच स्वर ओढ निर्माण करतो. रागात स्वराचे व्यक्तिमत्त्व स्थिर असते. जॅझमध्ये ते खालच्या कॉर्डनुसार पालटते. सतारीच्या पाठीमागे पियानोने कॉर्ड बदलत ठेवले, तर ऐकणाऱ्याला षड्जच सरकल्याचा भास होतो व रागरूप ढासळते. उलट कॉर्ड मुळीच न बदलल्यास पारंपरिक जॅझवादकाची वाट हरवते.

या पेचातून एक वाट जॅझनेच आधी काढली होती. माइल्स डेव्हिसच्या काइंड ऑफ ब्लू (१९५९) या ध्वनिमुद्रिकेपासून कॉर्डची संख्या अगदी कमी करून एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ वादन करण्याची पद्धत प्रतिष्ठित झाली. अशा वादनात बास व पियानो यांचे काम काहीसे तानपुऱ्यासारखे होते. राग-जॅझ समन्वय १९६० नंतरच्या दशकातच का फोफावला, याचे हे एक आंतरिक कारण आहे. वीस वर्षे आधी, कॉर्डची वेगवान साखळी हाच जॅझचा कणा असताना, हा मेळ अधिक कठीण गेला असता.

तालाच्या बाबतीत अडचण तुलनेने कमी होती. ब्लूज या जॅझमधील मूळ आकृतिबंधात चार-चार मात्रांचे १२ भाग, म्हणजे ४८ मात्रा असतात. त्रितालाची बरोबर तीन आवर्तने त्यात बसतात. ३२ भागांच्या गीतबंधात १२८ मात्रा, म्हणजे त्रितालाची आठ आवर्तने होतात. मात्र मात्रेची चाल निराळी असते. जॅझमध्ये मात्रेचे दोन भाग बरोबरीचे नसून पहिला लांबट व दुसरा आखूड वाजतो. त्यातून ‘स्विंग’ म्हणून ओळखला जाणारा झोका निर्माण होतो. त्रितालात मात्रेचे विभाजन सामान्यतः समान असते व ओढ समेकडे असते. जॅझच्या तालविभागात जोर पुष्कळदा दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो. तबला व ड्रम यांना एकत्र वाजविताना ही दोन वजने एकमेकांवर आदळू न देणे, हे तालवादकांचे कौशल्य ठरते.

रागांची निवड : अकरा रागांची यादी वरवर पाहता परिचित रागांचा संच वाटते, पण जॅझच्या दृष्टीने प्रत्येक राग वेगळा प्रश्न उभा करतो. अकरांपैकी मालकंस, कलावती, बैरागी व शिवरंजनी हे चार राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. स्वर कमी असल्याने वाद्यमेळात विसंवादाचा धोका कमी होतो आणि जॅझवादकालाही पंचस्वरी सप्तके सरावाची असतात. कलावतीत षड्ज, शुद्ध गांधार, पंचम, शुद्ध धैवत व कोमल निषाद हे स्वर लागतात. त्यांपैकी षड्ज, गांधार, पंचम व कोमल निषाद हे चार एकत्र वाजविल्यास ब्लूजचा आधार असलेला सप्तम कॉर्डच तयार होतो. म्हणजे हा कॉर्ड अखंड धरून ठेवला, तरी कलावतीबाहेरचा एकही स्वर येत नाही. शिवरंजनीतील षड्ज, ऋषभ, कोमल गांधार, पंचम व धैवत यांचाही जॅझला परिचित असा एक उदास छटेचा कॉर्ड होतो.

मालकंसात ऋषभ व पंचम वर्ज्य असल्याने तानपुराही पंचमाऐवजी मध्यमात लावतात. बासवादकाची नेहमीची चाल मूळ स्वर व त्याचा पंचम यांवर आधारलेली असते. मालकंसात तो पंचम रागाबाहेरचा ठरतो. त्याला मध्यमाचा आश्रय घ्यावा लागतो. त्याचबरोबर मालकंसाचे स्वर मध्यमापासून मोजले, तर ब्लूजमध्ये सर्रास आढळणारे पंचस्वरी सप्तक मिळते. म्हणून या रागात अडचण व जवळीक दोन्ही एकत्र नांदतात. रविशंकर यांनी प्रचारात आणलेल्या बैरागीत गांधारच नाही. पाश्चात्त्य संगीतात कॉर्डची प्रसन्न वा उदास प्रकृती ठरविणारा स्वर गांधारच असल्याने बैरागी त्या वर्गीकरणापासून अलिप्त राहतो.

खरी कसोटी तोडी व मियाँमल्हार यांसारख्या रागांत लागते. तोडीत कोमल ऋषभ, कोमल गांधार, तीव्र मध्यम व कोमल धैवत असे स्वर असून त्यांपैकी गांधार नेहमीच्या कोमल गांधाराहूनही उतरता घेण्याची परंपरा आहे. मियाँमल्हारातील कोमल गांधार आंदोलित असतो आणि त्यातील दोन निषाद एकमेकांलगत येतात. पियानोचे स्वर समान अंतराने बांधलेले व अचल असतात. त्यावर मींड वा आंदोलन निघत नाही. सतारीचा पडदा व पियानोची पट्टी एकाच नावाचा स्वर वेगवेगळ्या उंचीवर वाजवितात. ट्रंपेट व सॅक्सोफोन या वाद्यांत मात्र ओठांच्या दाबाने स्वर थोडा वरखाली करता येतो. ब्लूजमधील गांधार-निषाद तसे वाकवूनच घेतले जातात. त्यामुळे सतारीला खरे उत्तर देण्याची क्षमता पियानोपेक्षा या फुंकवाद्यांत अधिक असते. विद्युत् गिटारची तारही ओढता येते. तीही सतारीची दूरची नातलग ठरते.

मिश्र पिलू व भैरवी या रागांत जवळजवळ बाराही स्वरांना प्रसंगपरत्वे स्थान मिळते. म्हणून वाद्यवृंदरचनाकाराला तेथे सर्वाधिक मोकळीक असते. अखेरची रचना भैरवीत ठेवण्यात मैफलीचा संकेत पाळला गेला आहे. रागांच्या समयाचा क्रम मात्र पाळलेला नाही. सकाळच्या भैरवानंतर लगेच मध्यरात्रीचा मालकंस येतो. ध्वनिमुद्रिका ऐकणारा श्रोता घड्याळाला बांधलेला नसतो, हे तेथे गृहीत धरलेले दिसते.

रचनापद्धती : या रचनांत सामान्यतः सतार रागाचे मुख्य स्वरवाक्य मांडते, ट्रंपेट, सॅक्सोफोन व बासरी ते उचलतात किंवा त्याला उत्तर देतात, बास, ड्रम आणि तबला लय धरून ठेवतात. सतारीच्या चिकारीच्या तारा षड्जाचा उच्चार सतत करीत असल्याने आधारस्वर लुप्त होत नाही. तरफांच्या तारा तर रागाच्या स्वरांतच मिळविलेल्या असतात. बाहेरचा कॉर्ड वाजला तरी त्या रागाचेच स्वर निनादत ठेवतात. वाद्यांच्या पट्ट्यांचा मेळ बसविणे, हे अशा कामात आणखी एक व्यावहारिक कोडे असते. सतारीचा षड्ज सामान्यतः काळी एक ते पांढरी दोन यांच्या आसपास असतो. ट्रंपेट व सॅक्सोफोन यांची घडण मात्र निराळ्या पट्ट्यांना सोयीची असते. त्यांच्या वादकांसाठी प्रत्येक स्वर वेगळ्या स्थानी लिहून द्यावा लागतो. हा हिशेब श्रोत्याला जाणवत नाही. पण तो चुकला तर एकही आवर्तन नीट वाजणार नाही.

मर्यादा : एका दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजूंवर मिळून सुमारे पाऊण तासापर्यंतचे वादन मावते. त्यात अकरा राग बसवावयाचे म्हणजे प्रत्येक रागाच्या वाट्याला तीन-चार मिनिटेच येणार. मैफलीत तोडीचा केवळ आलाप अर्धा-पाऊण तास चालू शकतो. स्वरास्वराने राग उलगडत नेण्याची क्रिया येथे संभवत नाही. रागाचे ओळखचिन्ह ठरणारी स्वरवाक्ये तेवढी येतात. जॅझच्या बाजूनेही असाच संकोच होतो. एकामागून एक आवर्तने घेत, स्वतःचीच कल्पना उलटसुलट तपासत जाणाऱ्या दीर्घ एकल वादनाला येथे अवकाश नाही. चित्रपटगीताची सुमारे साडेतीन मिनिटांची चौकट येथेही टिकून आहे. लंडनमधील मेयर-हॅरियट यांच्या कामाशी तुलना करता हा फरक जाणवतो. तेथे दोन संच समोरासमोर ठेवून दोहोंतील अंतर ऐकू येऊ दिले आहे, तर येथे अंतर मिटवून आटोपशीर, सुबक रचना साधली आहे.

या मर्यादांमुळे ही ध्वनिमुद्रिका रागसंगीत म्हणून अपुरी व जॅझ म्हणूनही अपुरी ठरते, असा आक्षेप घेता येईल. तो निराधार नाही. परंतु तिला तिसऱ्याच परंपरेतील कृती मानल्यास तिचे मूल्य अधिक नेमके कळते. ती परंपरा मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळेची. मुंबईतील वादक एकाच दिवशी सकाळी एखाद्या रागावरील गीतात व सायंकाळी पाश्चात्त्य धर्तीच्या नृत्यगीतात वाजवीत असत. पाहुणा म्हणून आलेला परदेशी जॅझवादक आणि येथील सतारिया यांची भेट ही बहुधा एखाद्या दिवसाची असते. येथील वादकांनी मात्र दोन्ही भाषांत वर्षानुवर्षे रोजचा व्यवहार केला होता. त्यामुळे वेगवेगळ्या रागांत शिरताना वाद्यमेळ कोठे अवघडल्यासारखा वाटत नाही. रागाचा धागा सतारीने धरावा आणि त्याला फुंकवाद्यांनी उचलून धरावे, ही वाटणी त्या दीर्घ सरावाचेच फळ होय.

परंपरेतील स्थान : जयकिशन यांचे १९७१ मध्ये अकाली निधन झाले. शंकर यांनी पुढेही जोडीच्याच नावाने चित्रपटसंगीत दिले. परंतु या धर्तीचा प्रयोग त्यांनी पुढे वाढविला नाही. मूळ ध्वनिमुद्रिका दीर्घकाळ मुख्यतः संग्राहकांच्या आवडीचा विषय राहिली. जुन्या ध्वनिमुद्रणांचे नव्या माध्यमांत प्रकाशन होऊ लागल्यावर ती पुन्हा सुलभ झाली आणि देशोदेशीच्या नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली.

राग व जॅझ यांच्या समन्वयाची वाट मात्र पुढे प्रशस्त झाली. इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर, तबलावादक झाकीर हुसेन व घटमवादक टी. एच. विनायकराम यांच्या ‘शक्ती’ या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. या संचाने ड्रम व पियानो दूर ठेवून, कॉर्डच्या पेचावर वेगळे उत्तर शोधले. मुंबईत निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. पुढे दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या महोत्सवामुळे परदेशी व भारतीय वादकांना एका व्यासपीठावर येण्याची संधी मिळाली. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस व पियानोवादक लुईझ बँक्स यांनी या समन्वयाचे प्रयोग मैफलीच्या मोकळ्या अवकाशात पुढे नेले.

या सर्व वाटचालीत राग-जॅझ स्टाइलचे स्थान आरंभबिंदूजवळचे आहे. तीत दोन पद्धतींमधील मूळ भेद नाहीसा झालेला नाही. तो तसा होणारही नाही. मात्र षड्ज अढळ ठेवून, कॉर्डच्या हालचालीला आवर घालून आणि एकेका रागाची प्रकृती पाहून वाद्यांची वाटणी केल्यास सतार व सॅक्सोफोन एकाच रचनेत संवाद करू शकतात, हे तिने मुंबईतच, मुंबईच्याच वादकांकरवी दाखवून दिले. मुखपृष्ठावरील प्रसिद्ध नावांइतकेच त्याचे श्रेय आतील नामावलीतील वादकांकडेही जाते.